पर्जन्यछायेवरून उडताना

महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा नकाशा पसरा आणि पट्टी ठेवून पुणे ते बेंगळुरू अशी सरळ रेघ मारा. ही रेघ नीरा नदी ओलांडते, फलटणजवळून शंभू महादेवाच्या डोंगररांगेवर चढते, दहिवडीच्या आसपास माण तालुका कापते, आटपाडी डाव्या हाताला ठेवते आणि कवठे महांकाळ व जत यांच्या मधून कर्नाटकात उतरते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा सगळा दुष्काळी पट्टा या एका रेघेच्या दोन्ही अंगांना येतो. आता दुसरी रेघ मारा, मुंबई ते बेंगळुरू. ती सातारा शहरावरून निघते आणि तासगाव, मिरज करत पुढे जाते. विमाने पट्टीने आखल्यासारखी उडत नाहीत. हवाई नियंत्रण कक्ष सांगेल तो मार्ग त्यांना घ्यावा लागतो आणि ढग आडवे आले की वळसाही घालावा लागतो. तरी या दोन रेघांपासून ती फार दूर जात नाहीत. रोज हजारो माणसे या दोन जिल्ह्यांवरून उडतात. त्यांतली कित्येक याच मातीतली असतात, बेंगळुरूला नोकरीला असलेली, सणाला गावी येऊन परत निघालेली. त्यांच्या गावावरून विमान जाते तेव्हा बहुतेकांच्या खिडकीची झडप खाली ओढलेली असते.

ती झडप वर करावी आणि खिडकीतून फोटो काढावेत, म्हणून हे प्रकरण.

विमानाच्या खिडकीतून वाळवंटाचे फोटो काढणाऱ्यांची एक जुनी परंपरा आहे. वाळवंटात झाडी नसते, ढग क्वचित असतात, त्यामुळे जमिनीचा सांगाडा उघडा दिसतो. १९२७ साली पर्सी मेटलंड या ब्रिटिश वैमानिकाने ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. आजच्या जॉर्डनच्या काळ्या, दगडी वाळवंटावरून टपाल घेऊन उडताना त्याला खाली दगडांच्या लांबच लांब भिंती दिसल्या होत्या. जमिनीवरून चालणाऱ्याला दगडांची रास वाटावी असे ते काम, वरून पाहिले की त्याला आकार होता. त्याच दशकात आंत्वान प्वादबार हा फ्रेंच धर्मगुरू सीरियाच्या वाळवंटावर उडत होता. रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवरचे बुजलेले रस्ते आणि चौक्या त्याने हवाई छायाचित्रांतून शोधल्या. सूर्य क्षितिजाजवळ असताना वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि पुरलेली भिंत दिसू लागते, हे त्याचे मुख्य साधन होते. माणदेशावरून, म्हणजे या दुष्काळी पट्ट्यावरून, उडताना तेच साधन आपल्या कामी येते.

माणदेशाला वाळवंट म्हणणे मात्र भूगोलाला धरून नाही. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश साधारणपणे वाळवंट मानतात. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. हा अवर्षणप्रवण प्रदेश, गवताचा आणि रब्बी ज्वारीचा. पण त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि महाबळेश्वर ते दहिवडी हे सरळ अंतर शंभर किलोमीटरही नाही. एवढ्या अंतरात पाऊस दहापट घटतो. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो, घाटमाथ्यावर रिता होतो. पलीकडे उतरताना तोच वारा तापतो आणि त्यातले ढग विरतात. शाळेत हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलेले असते. जुलैत मुंबई-बेंगळुरू विमानात बसले की ते डोळ्यांना दिसते. उजव्या खिडकीत, पश्चिमेला, घाटावर ढगांची सलग दुलई असते. डाव्या खिडकीत ती विरळ होत जाते, तिचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या फटींतून तांबूस माळ दिसू लागतो. पावसाळ्यात वरून फोटो काढण्यासारखे काही नसते असे म्हणणाऱ्यांनी ढगांची ही कड एकदा टिपावी. पर्जन्यछायेची याहून स्पष्ट आकृती पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

आता पुण्याहून निघणारे विमान घेऊ. नीरेच्या दोन्ही काठांना कालव्यांचे पाणी आहे, त्यामुळे फलटणपर्यंत उसाचे गडद हिरवे चौकोन एकमेकांना चिकटून दिसतात. मग महादेवाच्या डोंगराची कड येते आणि रंग एकाएकी बदलतो. हिरवा मागे राहतो, पुढे मुरमाचा पिवळसर तपकिरी रंग सुरू होतो आणि त्यात ओढ्यांच्या कडेने काळ्या जमिनीच्या बारीक फांद्या पसरलेल्या दिसतात. डोंगर सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यांतले कठीण थर कड्यासारखे उभे राहिले आणि मऊ, पोकळ्यांनी भरलेले थर झिजून उतार झाले. जमिनीवर उभे राहून एका डोंगराच्या दोन-तीन पायऱ्या मोजता येतात. वरून दिसते की समोरच्या डोंगराची पायरी आणि दरीपलीकडच्या डोंगराची पायरी एकाच उंचीवर आहे, म्हणजे हे सगळे एकेकाळी अखंड पठार होते आणि मधला भाग पाण्याने कोरून नेला. पाण्याची इतकी टंचाई असलेल्या मुलखाचा चेहरा पाण्यानेच घडवला आहे.

डाव्या खिडकीतून शिखर शिंगणापूरची बाजू, मग माणगंगेचे खोरे. ही नदी कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि आग्नेयेला वाहत जाऊन भीमेला मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र वाळूची फिकट रेघ असते. म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव दिसतो. तो एकोणिसाव्या शतकातला, ब्रिटिश अमदानीत बांधलेला आहे. त्याच्या पाण्याच्या कडेने गाळाचे वर्तुळाकार पट्टे पडलेले असतात. तलाव कसा आटत गेला त्याची ही नोंद असते आणि दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की ती वाचता येते. पुढे आटपाडी. डाळिंबाच्या बागा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात, कारण झाडे सुटी आणि मधली जमीन उघडी असते. उजव्या खिडकीतून खटाव, मायणीचा तलाव, आणखी पुढे विट्याचे पठार. तासगावकडच्या द्राक्षबागा डाळिंबाहून वेगळ्या ओळखू येतात. वेली मांडवावर चढवलेल्या असल्याने तिथे बारीक समांतर रेघा असतात, ठिपके नसतात. कवठे महांकाळच्या ढालगाव भागात पवनचक्क्या येतात. विमानातून त्यांची पाती दिसत नाहीत. सूर्य कलला असेल तर जमिनीवर पडलेल्या त्यांच्या लांब सावल्या आधी दिसतात.

व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’मधून हा मुलूख माणसाच्या उंचीवरून लिहिला. त्यांचे माडगूळ गाव याच आटपाडी तालुक्यातले. ज्याने ती पुस्तके वाचली आहेत त्याला वरून दिसणारा माळ रिकामा वाटत नाही.

दहा-बारा मिनिटांत हे सगळे सरते. तेवढ्या वेळात फोटो काढायचे तर आधी प्रकाशाचा विचार हवा, कॅमेऱ्याचा नंतर.

दक्षिणेकडे जाताना डावी खिडकी पूर्वेला उघडते आणि उजवी पश्चिमेला. दुपारी चारनंतरच्या विमानात डाव्या खिडकीत बसलात तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो. जमीन उजळलेली, रंग खरे, आणि प्रत्येक टेकडीची सावली पूर्वेकडे लांबलेली. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना २०० मीटर उंचीच्या टेकडीची सावली साधारण साडेपाचशे मीटर पडते. या सावल्यांमुळे डोंगराच्या पायऱ्या, घळी, जुने बांध उठून दिसतात. उलट मे महिन्याच्या भर दुपारी हा मुलूख सपाट दिसतो. साताऱ्याच्या अक्षांशावर १० मेच्या सुमारास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि वरून पाहणाऱ्याला डोंगर व खोरे यांतला फरक कळेनासा होतो. दुपारी बाराच्या विमानातून काढलेले माणदेशाचे फोटो निस्तेज येतात ते याच कारणाने. त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो.

सूर्याकडे तोंड करून फोटो काढू नये असा सल्ला सगळे देतात. या प्रदेशापुरता तो सल्ला मी मानत नाही. सूर्य समोर असताना धुरकटपणा वाढतो आणि मातीचे रंग जातात हे खरे. पण त्याच वेळी पाण्याचा प्रत्येक थेंब चमकतो. सकाळच्या विमानात डाव्या खिडकीतून किंवा संध्याकाळी उजव्या खिडकीतून पाहा. विमान पुढे सरकते तसे खाली एक तलाव पेटतो, विझतो, मग नालाबांध, मग शेततळे, मग आणखी एक. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लोकांनी खोदलेले पाझर तलाव, नंतरच्या पाणलोटाच्या कामांतले बंधारे, प्लॅस्टिकचा कागद घातलेली चौकोनी शेततळी, सगळे एकामागून एक लखलखत जाते. मातीच्या रंगात हरवलेले लहानसे डबकेही या उजेडात लपत नाही. म्हणून जमिनीची ठेवण पाहायची असेल तर सूर्य पाठीशी घ्या आणि पाणी मोजायचे असेल तर सूर्य समोर घ्या. ऑक्टोबरअखेर अशी चमक मोजली आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजली, तर मधल्या सहा महिन्यांत गावांनी काय गमावले ते समजते.

हवा कधी स्वच्छ असते तेही पाहावे लागते. माणदेशाला मोसमी पावसापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस अधिक हात देतो. तो पडून गेला की हवेतली धूळ खाली बसते. त्यानंतरचे काही आठवडे फोटोंसाठी सर्वांत चांगले असतात. मार्चपासून धूळ आणि धूर वाढतो. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज तत्त्वतः साडेतीनशे किलोमीटरवर असते, पण उन्हाळ्यात तीस-चाळीस किलोमीटरपलीकडे सगळे दुधाळ होते. त्यामुळे क्षितिजाकडे कॅमेरा न रोखता शक्य तेवढे खाली पाहावे. खिडकीतून ४५ अंश खाली पाहिले की दहा किलोमीटरवरचे गाव दिसते आणि तेवढ्या अंतरापर्यंत चित्र स्पष्ट येते.

कॅमेऱ्याबाबत थोडक्यात. जागा पंखाच्या पुढची घ्यावी. पंखामागे बसल्यास इंजिनाच्या तप्त झोतातून जमीन थरथरताना दिसते आणि तो थरथराट फोटोत उतरतो. कोल्हापूरहून उडणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानांत पंख खिडक्यांच्या वर असतो आणि ती जेट विमानांपेक्षा खालून उडतात. कोल्हापूर-हैदराबाद मार्गावर डावीकडे मिरजेचे हिरवे खोरे आणि मग जतचा दक्षिण भाग असा बदल त्यांतून चांगला दिसतो. विमानाची खिडकी काचेची नसते, ॲक्रिलिकच्या थरांची असते. मधल्या थराला एक बारीक छिद्र असते. ते दाब सांभाळते आणि बाष्प बाहेर काढते. म्हणून त्या छिद्राभोवती कधी बर्फाचे स्फटिक जमतात. फोटो त्या जागेतून घेऊ नये. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर इथे लावला तर ॲक्रिलिकमधल्या ताणामुळे फोटोवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात, तो काढून ठेवावा. भिंग खिडकीला टेकवू नका, विमानाची कंपने त्यात उतरतात. अगदी जवळ धरा आणि केबिनच्या दिव्यांचे प्रतिबिंब अडवायला गडद रुमाल किंवा स्वतःचे जाकीट आडोशाला धरा. विमानाच्या वेगाची काळजी करू नका. ताशी ८०० किलोमीटर वेगानेही सेकंदाच्या हजाराव्या भागात विमान जेमतेम वीतभर सरकते.

मोबाइल पुरेल का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुरतो, पण त्याची मर्यादा ठाऊक असावी. दहा किलोमीटरवरून मोबाइलच्या साध्या भिंगाने काढलेल्या फोटोत एका ठिपक्यात साधारण तीन-चार मीटर जमीन मावते. तीस मीटर लांबीचे शेततळे म्हणजे आठ-दहा ठिपके. ते ओळखू येते. डोंगर उतारावर खोदलेले सलग समतल चर मात्र फूट-दोन फूट रुंद असतात. ते एवढ्या उंचीवरून मोबाइलला दिसत नाहीत. त्यासाठी लांब पल्ल्याचे भिंग किंवा खालून उडणारे विमान लागते. २०१७ पासून वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत माण-खटावच्या गावांनी उन्हात राबून असे चर डोंगरच्या डोंगर भरून काढले. चांगल्या भिंगातून ते डोक्यातून फणी फिरवल्यासारखे दिसतात आणि पाऊस झाल्यावर त्यांच्या कडेने उगवलेले गवत त्या रेघा आणखी ठळक करते.

नियमांचे एकच सांगतो. भारतात प्रवाशाला विमानातून फोटो काढता येतात, पण उड्डाणाच्या सुरक्षिततेला बाधा येईल असे काही करता येत नाही. संरक्षण दलांच्या विमानतळांवर फोटोग्राफीला बंदी आहे आणि पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे कॅमेरा बॅगेतच ठेवावा, विमान पुरेसे वर गेल्यावर काढावा आणि कर्मचारी सांगतील ते निमूट ऐकावे. दुष्काळी पट्टा त्यानंतरच सुरू होतो, त्यामुळे काही बुडत नाही.

उपग्रह रोज फोटो काढत असताना खिडकीतल्या फोटोचा उपयोग काय, अशी शंका येईल. महाराष्ट्राच्या त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षीच, जुलै १९७२ मध्ये, लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सुटला. तेव्हापासूनचे फोटो आज कुणालाही फुकट पाहता येतात. ‘भुवन’वर इस्रोचे नकाशे आहेत. शास्त्रीय मोजणीसाठी तेच वापरावेत. पण लँडसॅट आणि सेंटिनेल-२ हे उपग्रह सकाळी साधारण दहा-साडेदहाला, जवळजवळ सरळ खाली पाहत जातात. कलत्या उन्हातली डोंगराची पायरी, घाटावर अडलेली ढगांची कड, एका नजरेत उसाचे खोरे आणि त्यामागचा कोरडा माळ हे तिरक्या नजरेलाच दिसते. शिवाय उपग्रहाच्या प्रतिमेत आपले गाव शोधायला शिकावे लागते, तर खिडकीतल्या फोटोत तलावाचा आकार आणि देवळाची टेकडी पाहून शाळेतले पोरही बोट ठेवते.

फोटो वाचताना दोन गोष्टींबाबत सावध राहावे. मे महिन्यातला तपकिरी माळ हा दुष्काळाचा पुरावा नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीही मे महिन्यात हा माळ तपकिरीच असतो. तुलना करायची ती एकाच महिन्याच्या दोन वर्षांची. तसेच हिरवा रंग म्हणजे पाणी मुबलक, असेही नाही. नदीपासून दूर, पाणलोटाच्या उंच कडेवर अचानक हिरवळ दिसली तर तिथे उपसा योजनेचे पाणी आले आहे किंवा बोअर खोल गेले आहेत. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेले टेंभूचे पाणी खानापूर, आटपाडीपर्यंत जाते. म्हैसाळचे पाणी कवठे महांकाळ, जतकडे जाते. या कालव्यांच्या रेघा वरून स्पष्ट दिसतात आणि त्या जिथे संपतात तिथे रंगही संपतो. बोअरच्या तळाशी किती पाणी उरले आहे ते मात्र कोणताही कॅमेरा दाखवत नाही. टँकरची वाट पाहणारी माणसेही त्यात दिसत नाहीत.

या दोन जिल्ह्यांत पाणी किती विषम वाटले गेले आहे, याची दोन उदाहरणे सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला पाठवले गेले. ते जाणे रास्तच होते. पण त्याच मिरजेपासून पूर्वेला तासाभराच्या वाटेवर जत तालुका तहानलेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुरात बुडाले, तेव्हा त्याच जिल्ह्याच्या जत भागात टँकर सुरू होते. त्या आठवड्यात कुणी ढगांच्या फटीतून दोन्ही बाजू एका चौकटीत टिपल्या असत्या, तर पाणीवाटपाच्या सभांमध्ये तो फोटो आजही भिंतीवर लावता आला असता.

म्हणूनच रंग भडक करून फोटो सजवण्याला माझा विरोध आहे. या फोटोंत रंग हीच माहिती असते. मुरूम लालसर केला, पाणी निळे केले की फोटो देखणा होतो आणि निरुपयोगी होतो. मूळ फोटो तसाच जपून ठेवावा. कोयनेचा शिवसागर जलाशय, कासचे पठार ही उजव्या खिडकीतली दृश्ये सुंदर आहेत आणि त्यांचे फोटो भरपूर निघतात. डावीकडच्या माळाचे फोटो कमी निघतात. गरज त्यांची जास्त आहे.

सातारा-सांगलीकडचे जे वाचक वर्षातून एक-दोनदा या मार्गाने उडतात, त्यांना एवढेच सांगणे. दरवर्षी शक्यतो त्याच महिन्यात, त्याच बाजूच्या खिडकीतून आपल्या तालुक्याचा फोटो काढा. मोबाइल फ्लाइट मोडवर असला तरी जीपीएस चालू राहू शकते, खिडकीजवळ धरल्यास अनेकदा ठिकाणही नोंदले जाते. फोटोखाली तारीख, वेळ, कोठून कोठे आणि डावी की उजवी खिडकी एवढे लिहा, आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेला आणि एक ग्रामपंचायतीला द्या.